भोळ्या नायकाचे विनोदपट कसे पाहावेत

अमेरिकेतील महामंदीच्या दशकात हॉलिवूडमध्ये एका विशिष्ट घडणीचा विनोदपट रूढ झाला. त्याचा नायक लहान गावातला, साध्या राहणीचा आणि दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस असतो. ध्यानीमनी नसताना त्याच्या हाती मोठी संपत्ती, मोठे पद किंवा मोठे नाव येते. शहरातली चलाख माणसे आधी त्याला हसतात, मग त्याचा वापर करून घेतात आणि तो वापरला जाण्यास नकार देतो तेव्हा त्याला चिरडू पाहतात. दिग्दर्शक फ्रँक काप्रा याचे ‘मिस्टर डीड्स गोज टू टाउन’ (१९३६), ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (१९३९), ‘मीट जॉन डो’ (१९४१) आणि ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) हे चार चित्रपट या घडणीचे सर्वांत परिचित नमुने आहेत. आजचा प्रेक्षक बहुधा दोनपैकी एका रीतीने ते पाहतो: एक तर डोळे पुसत सगळे मान्य करतो, नाही तर ‘गोड गोड उपदेश’ म्हणून बाजूला सारतो. ही दुसरी तक्रार नवी नाही. टीकाकारांनी या चित्रपटांना ‘काप्रा-कॉर्न’ असे नावच देऊन टाकले होते आणि त्यातील ‘कॉर्न’ हा शब्द भाबड्या, भडक भावुकतेसाठी वापरला जाणारा बोलीतला शब्द आहे. माझ्या मते दोन्ही रीतींनी चित्रपट अर्धाच पाहिला जातो, कारण दोन्ही प्रकारचे प्रेक्षक नैतिक संदेश नायकाच्या भाषणात शोधतात. तो तेथे फार थोडा असतो. तो कोण कोणाला हसतो आणि ते हसणे केव्हा उलटते, यात असतो. पुढील मार्गदर्शन हे हसणे कसे टिपावे यासाठी आहे.

सुरुवात कोठून करावी

पहिला चित्रपट ‘मिस्टर डीड्स’ असावा. बहुतेक लोक ‘वंडरफुल लाइफ’पासून आरंभ करतात, कारण त्याचे नाव सर्वांत अधिक कानावर पडलेले असते. प्रदर्शनाच्या वेळी या चित्रपटाने खर्चही भरून काढला नव्हता. पुढे १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, दूरचित्रवाणी केंद्रे तो दर नाताळला दाखवू लागली आणि पाहता पाहता तो सणाचा चित्रपट बनला. परंतु त्यात काप्राने आधीच्या तिन्ही चित्रपटांतील नायकाची खूणगाठ सोडून पाहिली आहे, आणि ती मुळात कशी बांधली होती हे माहीत नसेल तर सोडण्याचे महत्त्व कळत नाही. म्हणून ‘डीड्स’, ‘स्मिथ’, ‘जॉन डो’ आणि मग ‘वंडरफुल लाइफ’ असा काळाचाच क्रम ठेवावा. चारही चित्रपट कृष्णधवल आहेत. शेवटच्याची रंग चढवलेली आवृत्ती मिळते, ती टाळावी.

शक्य असल्यास चित्रपट एकट्याने पाहू नयेत. ते भरलेल्या चित्रपटगृहासाठी बांधलेले आहेत. काप्राने ‘अमेरिकन मॅडनेस’ (१९३२) पासून संवादांची गती मुद्दाम वाढवली होती. पात्रे एकमेकांचे वाक्य पुरे होण्याआधीच बोलू लागतात. एकट्या प्रेक्षकाला ही घाई थकवते, तर चार माणसांत बसल्यावर हसू सांडते तेथेच तिचा ताल जुळतो. इंग्रजी संवाद निसटत असतील तर उपशीर्षके अवश्य लावावीत, मात्र काही प्रसंग, विशेषतः न्यायालयातले आणि सिनेटमधले (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहातले), दुसऱ्यांदा पाहताना डोळे अक्षरांवर न ठेवता मागे बसलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवर ठेवावेत.

काळाची थोडी माहिती आधी करून घ्यावी, कारण तिच्यावाचून अनेक विनोद हलके वाटतात. १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेतील काम करणाऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातील सर्व बँका काही दिवसांसाठी बंद ठेवल्या. ‘वंडरफुल लाइफ’मध्ये घाबरलेले ठेवीदार नायक जॉर्ज बेलीच्या छोट्या गृहकर्ज संस्थेच्या दारात जमतात, तेव्हा १९४६ च्या प्रेक्षकांपैकी कित्येकांनी ती रांग प्रत्यक्ष अनुभवलेली होती. जॉर्ज त्यांना समजावतो की तुमचे पैसे येथे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्याच्या घरात आहेत. मग मधुचंद्रासाठी ठेवलेले स्वतःचे दोन हजार डॉलर तो वाटू लागतो. पहिला माणूस हट्टाने आपली सगळी रक्कम मागतो, पुढचे थोडक्यात भागवतात आणि एक बाई संकोचून फक्त साडेसतरा डॉलर मागते. जॉर्ज तिचे चुंबन घेतो आणि सगळे हसतात. साडेसतरा या आकड्यातले हसू आणि त्यातली माणुसकी एकाच क्षणी जाणवली, तर पुढचा संपूर्ण मार्ग सोपा आहे.

भोळा, भाबडा आणि बावळट

मराठीत आपल्याकडे यासाठी नेमके शब्द आहेत आणि ते येथे कामाला लावावेत. बावळटाला समोर काय चालले आहे हेच कळत नाही. भाबडा माणूस समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो, कारण संशय घ्यावा हे त्याला सुचत नाही. भोळ्या माणसाला व्यवहार कळू शकतो, तरी तो माणसांविषयी आडपडदा ठेवत नाही. चित्रपटातली शहरी पात्रे नायकाला बावळट समजतात. चित्रपटाचा सारा विनोद या चुकीच्या निदानावर उभा असतो, म्हणून प्रेक्षकाने सुरुवातीलाच आपले स्वतंत्र निदान करून ठेवावे.

ते करण्याची सोपी युक्ती अशी की नायकाला सर्वप्रथम कोणती लबाडी ओळखता येते, हे पाहावे. लाँगफेलो डीड्स हा व्हरमाँटमधल्या मँड्रेक फॉल्स या गावचा, शुभेच्छापत्रांसाठी कविता लिहिणारा आणि ट्युबा हे तोंडाने फुंकायचे मोठे पितळी वाद्य वाजवणारा तरुण आहे. गॅरी कूपरने त्याला मंद, विचारी चालीने उभे केले आहे. मामाचा दोन कोटी डॉलरचा वारसा मिळून तो न्यूयॉर्कला येतो, तेव्हा ऑपेराचे संचालक मंडळ त्याला अध्यक्षपद देते. अपेक्षा ही की दरवर्षीचा तोटा आता याने भरावा. डीड्स साधा प्रश्न विचारतो: तोटा होतो, तर मग आपण काहीतरी चुकीचे विकत असलो पाहिजे, नाही का? आणि तो पैसे देत नाही. त्या मयत मामाची पत्नी असल्याचा दावा करणाऱ्या बाईच्या वकिलालाही तो ओळखून चुकतो. म्हणजे पैशाच्या बाबतीत हा मनुष्य कोणालाही हार जाणारा नाही. तो फसतो ते फक्त बेब बेनेट या वार्ताहर तरुणीकडून. रस्त्यात भोवळ आल्याचे सोंग करून ती त्याच्या जवळ येते आणि त्याच्यासोबत घालवलेल्या प्रत्येक संध्याकाळची खिल्ली दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापते. डीड्स भोळा आहे.

जेफरसन स्मिथ (जेम्स स्टुअर्ट) मात्र खरोखर भाबडा आहे. मुलांच्या संघटनेचा हा प्रमुख सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला येतो तो कबुतरांचा पिंजरा घेऊन, आईला निरोप धाडण्यासाठी, आणि स्थानकावरून कॅपिटॉल या संसद-इमारतीचा घुमट दिसताच सोबतच्यांना सोडून थेट प्रेक्षणीय स्थळे दाखवणाऱ्या बसमध्ये चढतो. त्याच्या राज्यातील विलेट क्रीक येथील धरणाच्या जमिनीत राजकीय टोळीचा स्वार्थ गुंतला आहे, हे त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते. जॉर्ज बेली तर भोळाही नाही आणि भाबडाही नाही. तो चिडका, महत्त्वाकांक्षी, गाव सोडण्यासाठी तळमळणारा माणूस आहे, जो प्रत्येक वेळी कोणासाठी तरी मागे राहतो आणि त्याबद्दल मनातून कुढतो. या तिघांना एकाच ‘आदर्शवादी सामान्य माणूस’ या पेटीत कोंबण्याची घाई केली, तर चित्रपट एकसारखे वाटू लागतात आणि तो दोष मग आपण काप्राच्या माथी मारतो.

हसण्याची वही

पहिल्या पाहण्यात एक छोटी वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक मोठ्या हशाच्या वेळी दोनच गोष्टी लिहाव्यात: पडद्यावर कोण कोणाला हसत आहे, आणि आपण त्या क्षणी कोणाच्या बाजूने हसलो. हे काम किरकोळ वाटते, परंतु माझ्या पाहण्यात यापेक्षा उपयोगी साधन आलेले नाही.

‘डीड्स’मध्ये ही वही कशी भरते ते पाहू. पूर्वार्धात नोंदी सोप्या असतात. डीड्स जिन्याच्या कठड्यावरून घसरतो, मोठ्या हवेलीत आवाज घुमतो म्हणून नोकरांना रांगेत उभे करून हाका मारायला लावतो, आगीच्या बंबामागे धावतो, घोड्याला डोनट खाऊ घालतो. बेब हे सारे छापते, शहर हसते आणि आपणही हसतो, कारण ते खरोखर गमतीचे आहे. मग एके दिवशी जमीन गमावलेला एक शेतकरी पिस्तूल घेऊन त्या हवेलीत घुसतो. लोक उपाशी असताना तू घोड्यांना डोनट चारतोस, असे तो डीड्सला ओरडून सांगतो आणि मग स्वतःच कोसळून रडू लागतो. येथे वहीतील नोंद पाहावी: ज्या विनोदावर आपण तासाभरापूर्वी हसलो होतो, नेमका तोच विनोद आता आरोपपत्र होऊन परत आला आहे. काप्राने प्रेक्षकाला कोणतेही भाषण दिलेले नाही. आपल्याच हसण्याची पावती आपल्या हातात ठेवली आहे.

यानंतर डीड्स आपली संपत्ती भूमिहीन झालेल्या शेतकऱ्यांना देण्याचे ठरवतो: प्रत्येक कुटुंबाला दहा एकर जमीन, एक घोडा, एक गाय आणि बियाणे, तीन वर्षे कसली तर जमीन त्यांची. जो माणूस पैसे असे वाटतो तो वेडाच असला पाहिजे, असा दावा त्याचे वकील आणि नातेवाईक न्यायालयात करतात. बेबचा विश्वासघात कळल्यामुळे डीड्स मोडून गेला आहे आणि सुनावणीत बराच वेळ तो एक शब्दही बोलत नाही. हे मौन घड्याळ लावून पाहण्याजोगे आहे. विनोदपटाचा नायक इतका काळ गप्प बसणे ही मोठी जोखीम आहे आणि त्या काळात साक्षीदारांमागून साक्षीदार येऊन, आपणही हसलो होतो त्या प्रत्येक गोष्टीला वेडाचा पुरावा ठरवतात. गावाकडच्या दोन वृद्ध बहिणी तर साक्ष देतात की लाँगफेलो पहिल्यापासून ‘पिक्सिलेटेड’ आहे, म्हणजे परीराज्यातल्या भुतांनी झपाटलेला. न्यायालयात हशा होतो.

अखेर डीड्स उठतो आणि आपल्या बचावात एकही थोर वचन उच्चारत नाही. ट्युबा वाजवल्याने मला विचार करायला मदत होते, असे तो सांगतो, आणि प्रत्येक माणूस विचार करताना काहीतरी वेडगळ करतोच हे दाखवण्यासाठी खोलीकडे पाहतो. न्यायाधीश कागदावरच्या छापील अक्षरांतील गोल भरत बसले आहेत. डीड्सच्या मनाचा आलेख काढून दाखवणाऱ्या नामांकित मनोविकारतज्ज्ञाच्या कागदावर नकळत काढलेले चित्रविचित्र रेघांचे जाळे सापडते. त्या दोन बहिणींना तो विचारतो की आणखी कोण झपाटलेले आहे, आणि त्या निरागसपणे सांगतात की आम्ही दोघी सोडून सगळेच. हशा पुन्हा होतो, परंतु आता त्याची दिशा बदललेली असते. पहिल्या अर्ध्यात सगळे एकाला हसत होते. आता प्रत्येक जण स्वतःला हसतो आहे आणि म्हणूनच डीड्सला वेगळा काढून वेडा ठरवणे अशक्य होते. चित्रपटाचा नैतिक आशय याच क्षणात आहे. पुढे तो टेकडीवरचा चढ सहज चढणाऱ्या आणि मध्येच अडकणाऱ्या मोटारींचा दृष्टांत देतो, तो चांगलाच आहे, पण तोपर्यंत खटला जिंकलेला असतो.

वहीत एक अप्रिय नोंदही प्रामाणिकपणे करावी. डीड्स माणसांना ठोसे मारतो. उपाहारगृहात त्याची टर उडवणाऱ्या लेखकांना आणि शेवटी वकिलालाही. स्मिथही वार्ताहरांना बदडत सुटतो. चित्रपट या ठोशांवर हसण्याची परवानगी देतो. सज्जनपणाचा विजय मुठीने साजरा व्हावा का, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. तो आपण विचारावा.

वस्तूंकडे लक्ष ठेवावे

संवाद सोडून वस्तूंचा माग काढला तरी हीच वळणे दिसतात. ‘स्मिथ’मध्ये जेफरसन आपल्या वरिष्ठ सिनेटरच्या देखण्या मुलीशी बोलतो, तेव्हा कॅमेरा चेहऱ्याकडे जातच नाही, तो त्याच्या हातांतून सारख्या पडणाऱ्या टोपीवर खिळतो. ‘वंडरफुल लाइफ’मध्ये जिन्याच्या खांबावरची सैल मूठ दर वेळी जॉर्जच्या हातात निघून येते, संस्थेच्या हरवलेल्या आठ हजार डॉलरच्या चिंतेने पिसाटलेल्या रात्री ती त्याला अपयशी आयुष्याची खूणच वाटते आणि जिवावरच्या प्रसंगातून परत आल्यावर तो त्याच मुठीचे चुंबन घेतो. मूठ दुरुस्त झालेली नाही. हा विनोद आहे आणि संपूर्ण चित्रपटाचा आशयही आहे, आणि त्यासाठी एकही वाक्य खर्ची पडलेले नाही.

बदलणारे पात्र शोधावे

या चित्रपटांत नायक फारसा बदलत नाही. बदलते ते त्याच्या शेजारचे, जग पाहून निबर झालेले माणूस, आणि प्रेक्षकाचा खरा प्रतिनिधी तेच असते. ‘डीड्स’मधली बेब आणि ‘स्मिथ’मधली सेक्रेटरी सॉन्डर्स या दोन्ही भूमिका जीन आर्थरने केल्या आहेत, तर ‘जॉन डो’मधली वृत्तपत्रलेखिका अॅन मिचेल बार्बरा स्टॅनविकने. तिघी नोकरदार आहेत, तिघींना शब्दांचा धंदा कळतो आणि तिघी सुरुवातीला नायकाला एक सोपे काम समजतात.

दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना तो संपूर्णपणे या स्त्रीच्या बाजूने पाहावा. ‘स्मिथ’मधला रात्रीचा प्रसंग यासाठी उत्तम आहे. मुलांच्या शिबिराचे विधेयक आजच लिहून काढू, असे जेफरसन उत्साहाने म्हणतो आणि सॉन्डर्स त्याला विधेयक समितीतून समितीत कसे फिरते, महिने कसे जातात, हे कंटाळलेल्या स्वरात ऐकवते. माहिती देताना ती विनोदी आहे, तिखट आहे. मग जेफरसन आपल्या भागातल्या गवताबद्दल, वाऱ्याबद्दल बोलू लागतो आणि तिची लिहिणारी पेन्सिल मंदावते. विलेट क्रीकचे नाव कानी पडताच ती सावध होते, कारण तिला जे ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नाही. पुढे खोट्या सह्यांच्या आधारे जेफरसनलाच भ्रष्ट ठरवले जाते, तो बॅग घेऊन लिंकनच्या स्मारकापाशी अंधारात बसलेला असतो, आणि सॉन्डर्सच त्याला परत फिरवते. म्हणजे ज्या आदर्शाची तिने टर उडवली, तो आता ती सांभाळते आहे आणि त्याच्या मूळ मालकाच्या हातून तो निसटला आहे. सिनेटमधील दीर्घ भाषणाच्या वेळी प्रेक्षागृहातून खुणांनी डावपेच सांगणारीही तीच असते. नियम तिला ठाऊक आहेत, श्रद्धा त्याच्यापाशी आहे, आणि एकट्याने दोघेही निकामी ठरले असते.

खलपुरुषाचा युक्तिवाद पूर्ण ऐकावा

या चित्रपटांना बाळबोध ठरवणाऱ्यांनी सिनेटर पेनचे म्हणणे नीट ऐकलेले नसते. क्लॉड रेन्सने साकारलेला हा मनुष्य जेफरसनच्या वडिलांचा तरुणपणीचा मित्र. दोघे हरलेल्या बाजूंसाठी लढत असत आणि त्यातच वडिलांचा खून झाला. पेनने तडजोड केली. तो जेफरसनला सांगतो की तीस वर्षांपूर्वी मीही तुझ्यासारखाच होतो, पण सत्ताधाऱ्यांशी जुळवून घेतले म्हणून राज्याची सेवा करू शकलो. आपल्या राज्यात बेकारी सर्वांत कमी आणि केंद्राकडून मिळणारे अनुदान सर्वांत अधिक आहे. हा युक्तिवाद पोकळ नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने तो कधी ना कधी स्वतःशी केलेला असतो. येथे चित्रपट थांबवून त्याला उत्तर लिहून पाहावे. मला ते पहिल्या खेपेस जमले नव्हते, आणि तेव्हाच या चित्रपटाबद्दलचा माझा आदर दुणावला.

‘वंडरफुल लाइफ’मधला श्रीमंत पॉटर (लायोनेल बॅरीमोर) इतका गुंतागुंतीचा नाही, मात्र त्याने जॉर्जला देऊ केलेली वर्षाला वीस हजार डॉलरची नोकरी विसरू नये. आठवड्याला पंचेचाळीस डॉलर मिळवणारा जॉर्ज खरोखर मोहात पडतो. हस्तांदोलन केल्यावर हाताला काहीतरी लागल्यासारखे त्याला होते आणि मगच तो नकार देतो. आणखी एक बारकावा असा की १९३४ पासून कडकपणे राबवल्या गेलेल्या हॉलिवूडच्या नीतिसंहितेनुसार गुन्हेगाराला शासन होणे अपेक्षित असे, तरीही पॉटर आठ हजार डॉलर दाबून बसतो आणि शेवटपर्यंत त्याला काहीही होत नाही. ज्याला हा शेवट निव्वळ गोड वाटतो त्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावी: अन्याय जागच्या जागी आहे, गावाने फक्त तो भरून काढला आहे.

भाषण कोणाचे आहे

भाषण आले की त्याची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी: हे शब्द याच पात्राच्या तोंडी, याच अडचणीत शोभतात काय? जेफरसन सिनेटमध्ये जवळजवळ चोवीस तास उभा राहतो. राज्यघटना वाचतो, घसा बसतो, पाय लटपटतात. त्याचे शब्द नवे नाहीत, नवे आहे ते त्या शब्दांसाठी त्याचे शरीर मोजत असलेले मोल. आणि त्याचा परिणाम होतच नाही. टेलर नावाच्या राजकीय धन्याने राज्यातील वृत्तपत्रे दाबून टाकली आहेत, मुलांनी स्वतः छापलेला अंक त्याचे गुंड हिसकावून घेतात, आणि सभागृहात टोपल्या भरभरून येणाऱ्या तारा जेफरसनच्या विरोधात असतात. तो कोसळतो. विजय मिळतो तो पेनची सदसद्विवेकबुद्धी मोडून पडल्यामुळे, भाषणामुळे बहुमत वळले म्हणून नव्हे. हा चित्रपट पाहून काही सिनेटर संतापले होते, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण त्यात संस्था स्वतःहून शुद्ध होत नाही.

तुलनेसाठी चॅप्लिनच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) चा शेवट पाहावा. हुकूमशहा समजला गेलेला ज्यू न्हावी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहतो आणि काही मिनिटे थेट कॅमेऱ्याकडे पाहून माणुसकीविषयी बोलतो. ते बोलणे न्हाव्याचे राहत नाही. चॅप्लिन स्वतः पात्राबाहेर येऊन बोलतो आहे. त्या वर्षीच्या युरोपचा विचार करता हे पाऊल धैर्याचे होते आणि मी ते कधीही कोरड्या डोळ्यांनी पाहिलेले नाही, तरीही कलेच्या दृष्टीने तो वेगळा मार्ग आहे, आणि दोन्ही मार्ग शेजारी ठेवले की डीड्सच्या न्यायालयातील रेघोट्यांचे मोल वाढते. प्रेस्टन स्टर्जेसचा ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’ (१९४१) ही या साऱ्या वादाची तिसरी बाजू आहे. त्यातील विनोदपटांचा दिग्दर्शक गरिबीवर गंभीर चित्रपट काढण्यासाठी भिकाऱ्याच्या वेषात निघतो, दुर्दैवाने खरोखरच कैदी बनतो, आणि साखळदंडांतल्या कैद्यांसोबत एका चर्चमध्ये प्लूटो कुत्र्याचा व्यंगचित्रपट पाहताना स्वतःलाच हसताना पकडतो. काप्रा हसवून काहीतरी सांगू पाहतो. स्टर्जेस विचारतो की हसवणे पुरेसे नाही काय.

संदेश एका माणसाचा मानण्याचीही घाई करू नये. ‘डीड्स’ आणि ‘जॉन डो’ लिहिणारा रॉबर्ट रिस्किन रूझवेल्ट यांच्या धोरणांचा समर्थक होता, तर सिसिलीतून लहानपणी आलेला, कष्टाने वर चढलेला काप्रा त्या धोरणांचा विरोधक. गरिबांना जमीन मिळावी, परंतु ती एका दात्याने स्वेच्छेने द्यावी, ही ‘डीड्स’मधली विचित्र तडजोड या दोघांच्या ओढाताणीतून पाहिली की उलगडते.

जे खटकते तेही लिहावे

कृष्णवर्णीय पात्रे या चित्रपटांत बहुतेक नोकरांच्याच जागी आहेत. ‘वंडरफुल लाइफ’मध्ये जॉर्ज जन्मलाच नसता तर त्याची पत्नी मेरी चष्मा लावणारी, अविवाहित ग्रंथपाल झाली असती, आणि ही जणू शोकांतिकाच, असे चित्रपट मानतो. लहान गाव चांगले आणि शहर वाईट ही विभागणीही वारंवार येते. या गोष्टी लपवण्याची गरज नाही. चित्रपटावर प्रेम असले की त्या अधिक स्पष्ट दिसतात.

शेवटच्या दहा मिनिटांआधी थांबावे

हा सराव ‘जॉन डो’साठी राखून ठेवावा, कारण चारही चित्रपटांत तोच सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. नोकरी गेलेली अॅन रागाच्या भरात ‘जॉन डो’ या काल्पनिक माणसाचे पत्र छापते: समाजाच्या निषेधार्थ मी नाताळच्या आदल्या रात्री सिटी हॉलवरून उडी मारणार आहे. पत्र गाजते, तेव्हा हात दुखावलेल्या एका बेसबॉलपटूला, लाँग जॉन विलोबीला, तो माणूस म्हणून उभे केले जाते. येथे नायकच बनावट आहे आणि त्याचे आदर्श दुसऱ्याच्या लेखणीतून आलेले आहेत, तरीही त्यांच्यामुळे शेजारी शेजाऱ्याशी बोलू लागतात आणि गावोगावी मंडळे निघतात. उद्योगपती नॉर्टन ही लाट स्वतःच्या राजकारणासाठी वळवू पाहतो. विलोबी विरोध करतो, तेव्हा पावसात भरलेल्या अधिवेशनात त्याचे सोंग उघडे पाडले जाते, ध्वनिक्षेपकाची तार तोडली जाते आणि कालपर्यंत त्याला डोक्यावर घेणारी गर्दी त्याच्यावर वस्तू फेकू लागते. हसण्याच्या वहीत या प्रसंगासाठी जागाच नसते. येथे कोणीही हसत नाही.

काप्राने या चित्रपटासाठी पाच शेवट करून पाहिले, असे त्याने आपल्या आत्मकथनात म्हटले आहे. विलोबीने उडी मारली तर ज्यांच्यासाठी चित्रपट केला तेच निराश होणार. नाही मारली तर खोट्या पत्रातून सुरू झालेली गोष्ट पुन्हा खोटीच ठरणार. विलोबी नाताळच्या आदल्या रात्री बर्फात सिटी हॉलच्या गच्चीवर पोहोचतो, तेथे चित्रपट थांबवावा. सोबत बसलेल्या प्रत्येकाने कागदावर आपला शेवट लिहावा, गच्चीवर कोणकोण यावे आणि त्यांनी काय म्हणावे हे नावांनिशी लिहावे, आणि कागद एकमेकांना वाचून दाखवल्यावरच पुढचा भाग सुरू करावा.